कॅनवरचं मीठ

पहिलं सांगून टाकते, चूक माझी होती. हे वाक्य सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी ऑफिसात कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. माझ्या तोंडूनही नाही. म्हणून ते बोलायला मला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत एका पोरीची नोकरी जायची वेळ आली. कुणी म्हणेल, नऊ दिवस म्हणजे काही फार नाहीत. त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं.

मी रमाबाई गजभिये. मूळची पवनीची, लग्न करून दिल्लीला आले ती इथलीच झाले. नोएडात सेक्टर बासष्टला एक सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथे सीनियर टेक्निकल ऑफिसर. नोव्हेंबरअखेर रिटायर. साहेब लोक पेपर लिहितात, परदेशी जातात, आणि त्यांच्या पेपरांतले आकडे ज्या यंत्रांतून निघतात ती यंत्रं मी चालवते. गुडघे गेलेत, पाठ गेली, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो. बाकी सगळं उत्तम.

आमच्याकडे समुद्राच्या तळाची माती येते. पूर्व किनाऱ्यापासून लांब, हजार मीटर पाण्याखाली, आणि तिथूनही खाली भोक पाडून काढलेली. त्या मातीत गॅस हायड्रेट असतं. म्हणजे पाणी आणि मिथेन वायू, थंडीने आणि दाबाने एकत्र गोठलेले. दिसायला बर्फ, पण काडी लावली तर पेटतो. देशाला पुरून उरेल इतका वायू तिथे आहे असं आमचे साहेब प्रत्येक भाषणात सांगतात. असेलही. पण तो वर आणायचा तर आधी दाब कमी करून हायड्रेट वितळवावं लागतं, आणि मग त्या वायूला न् पाण्याला मातीतून वाट मिळावी लागते. मातीने वाटच दिली नाही तर सगळंच फुकट. ती वाट किती मोकळी आहे हे मोजणं आमचं काम. कागदावर त्याला पारगम्यता म्हणतात. मी आणि मृणाल त्याला सरळ पाझर म्हणायचो.

मृणाल सोनटक्के म्हणजे ती पोरगी, जिच्याबद्दल मी बोलतेय. तीस वर्षांची, परभणीची, चार वर्षांपासून आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर. दरवर्षी तीस सप्टेंबरला तिचं कॉन्ट्रॅक्ट संपतं आणि दरवर्षी सप्टेंबरभर तिचा जीव टांगणीला लागलेला असतो. चार माणसं असली की मला मॅडम म्हणायची, दोघीच असलो की मावशी. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी खायची आणि माझ्या डब्यातलं वांगं ती. एवढ्या मोठ्या इमारतीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच.

या वर्षी तिच्या हातात पाचवा कोअर होता. कोअर म्हणजे त्या मातीचा हातभर लांब दंडगोल, स्टीलच्या नळकांड्यात, हवेच्या दाबाच्या शंभरपट दाबाखाली, चार डिग्रीला ठेवलेला. दाब गेला किंवा थंडी गेली की आतलं हायड्रेट वितळून उडून जातं, राहतो चिखल. असे पाच आले होते, चारांची कामं झाली होती. पाचवा सगळ्यांत चिकण मातीचा, म्हणून सगळ्यांत मोलाचा, कारण खरी अडचण चिकणमातीतच आहे. पुढचं जहाज कधी जाईल ते वरच्यांनाच ठाऊक.

या कामात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळायची. कोअरमधून सोडायचं पाणी समुद्राएवढं खारं पाहिजे. या जातीच्या चिकणमातीला गोडं पाणी लागलं की ती फुगते. तिचे बारीक कण सुटतात आणि जिथे चिंचोळी वाट असेल तिथे जाऊन बसतात. पाझर बंद. मग त्यात पुन्हा खारं पाणी घाला नाहीतर तिच्या पाया पडा, पहिल्यासारखी वाट काही होत नाही. हे खारं पाणी बनवायचं काम माझं. मीठ तोलायचं, पाण्यात विरघळवायचं, मीटर बुडवून आकडा बघायचा, कॅन भरायचा, सही करायची.

सप्टेंबर आला की आमच्या ऑफिसला हिंदी आठवते. हिंदी पखवाडा, म्हणजे हिंदीचा सरकारी पंधरवडा. राजीव त्यागी म्हणून आमचे प्रशासन अधिकारी आहेत, ते हातात यादी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतात आणि इंग्रजी चिठ्ठ्या काढायला लावतात. माझ्या खाऱ्या पाण्याच्या कॅनवर ‘ब्राइन’ असा इंग्रजी स्टिकर होता, तो त्यांनी स्वतःच्या नखाने खरवडला. म्हणाले, “मैडम, लवणीय जल लिखिए.” सकाळपासून मी पायांवर उभी होते. ‘लवणीय जल’ लिहायला सहा अक्षरं, ‘मीठ’ लिहायला दोन. मी मार्कर घेतला, कॅनवर ‘मीठ’ लिहिलं, शेजारी सहीचा ‘र’ काढला आणि मोकळी झाले. देवनागरी पाहिजे ना, घ्या देवनागरी. त्यागींनी लांबूनच पाहिलं, “बहुत बढ़िया” म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

आता हिंदीत मीठ असा शब्दच नाही. मीठा आहे, आणि मीठा पानी म्हणजे गोडं पाणी. इतकी वर्षं मी बाहेर हिंदी बोलते आणि घरात मराठी, पण हे दोन शब्द माझ्या डोक्यात कधी शेजारी बसलेच नव्हते.

सोळा तारखेला संध्याकाळी निघताना मी धीरजला म्हटलं, “खाली कैन भर देना.” धीरज आमचा अटेंडंट, पंचेचाळिशीचा, तीन महिन्यांपूर्वी कंत्राटदाराकडून आलेला, कामाला चोख. मला म्हणायचं होतं, यंत्र धुवायचे निळ्या झाकणाचे रिकामे कॅन. पण माझा ‘मीठ’वाला कॅनही त्या दिवशी रिकामाच पडलेला होता. धीरजने वाचलं. मॅडमचा काना राहिला असेल असं समजला, त्यात काठोकाठ आरओ फिल्टरचं गोडं पाणी भरलं, फडक्याने कॅन पुसला आणि नेऊन थंड कपाटात ठेवला. इतकं मन लावून आमच्याकडे कुणी काम करत नाही.

सतरा तारखेला सकाळी मृणालने तो कॅन काढला. तीन दिवस ती कोअरची थंडी आणि दाब सांभाळत बसली होती, डोळे सुजलेले. पाणी कोअरमध्ये सोडण्याआधी एका टाकीत त्यात मिथेन मुरवून घेतात, नाहीतर ते पाणी वाटेतलं हायड्रेटच विरघळवत जातं. त्या टाकीत कॅन रिकामा करायच्या आधी तिने मला विचारलं, “मावशी, हे तपासलेलं आहे ना?”

मी खुर्चीत बसून गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळत होते. मीटर टेबलावर, हाताच्या अंतरावर. बुडवायचा आणि आकडा वाचायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. पण कॅन भरलेला दिसत होता, वर माझं अक्षर होतं, माझा ‘र’ होता. मला वाटलं, कालच बनवलं असेल. रोजच बनवते, कालचं की परवाचं कुणाच्या लक्षात राहतंय? मी मान वर न करता म्हटलं, “हो गं.”

दुपारी तिने पंप सुरू केला. तासाभरात दाबाचा काटा चढायला लागला. कोअरच्या एका टोकाला पाणी रेटतंय आणि दुसऱ्या टोकाला थेंब थेंब, मग तेही नाही. मृणालने पंप बंद केला आणि म्हणाली, “मावशी, वाट बंद झाली.” मी उठले. कॅनच्या तळाशी घोटभर पाणी उरलं होतं, त्यात मीटर बुडवला. आकडा जवळजवळ शून्य. धीरजला बोलावलं. तो कॅनकडे बोट दाखवून अगदी सरळपणे म्हणाला, “मैडम, मीठा लिखा था, मीठा भर दिया.”

मृणालने कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परभणीची पोरगी ती, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ती काहीतरी ऐकायला थांबली होती हे मला दिसत होतं. मी म्हटलं, “बघू. साहेबांना सांगू.” एवढंच.

आमचे साहेब डॉक्टर अनुराग सक्सेना. माणूस वाईट नाही. पाच वर्षं त्या पाच कोअरसाठी फायली घेऊन फिरून तोही थकलेला. त्याने धीरजला विचारलं, धीरजने कॅन दाखवला. झालं. सगळ्या इमारतीने तो कॅन वाचला आणि सगळ्यांनी एकच वाचलं, मीठा. दुसऱ्या दिवशी मृणालला मेमो मिळाला. कॅनवर स्पष्टपणे गोडं पाणी असं लिहिलेलं असताना तुम्ही ते कोअरमध्ये सोडलंत कसं, याचा खुलासा करा. तीन जणांची समिती नेमली, तारीख पडली सव्वीस. तिच्या रिन्यूअलची फाइल साहेबांच्या टेबलावरच होती. मला म्हणाले, “लड़की होशियार है, पर इतनी लापरवाही? अब मैं साइन कैसे करूँ?” मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता यायचं नाही.

त्या दिवसापासून ती मला दोघीच असतानाही मॅडम म्हणायला लागली. डबाही कँटीनमध्ये जाऊन खायला लागली.

मेमोचं उत्तर तिने मला वाचायला दिलं, हिंदी तपासून द्या म्हणाली. दोनच ओळी होत्या. पाणी मी ओतलं, ओतण्याआधी मीटर मी लावला नाही. माझं नाव नाही, ‘मीठ’चा अर्थ नाही, मी दिलेला ‘हो’ नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बघा ही पोरगी, माझं वय बघून, माझे दोन महिने बघून स्वतःवर घेतेय. माझ्यासाठी गप्प बसलीय. मी तिच्या दोन व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला. लाज वाटते सांगताना, पण मला त्या क्षणी हलकं वाटलं.

रविवारी सकाळी नाश्त्याला मुलाशी बोलले. सिद्धांत मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या फॅक्टरीत सुपरवायझर आहे, आठवड्यातून एकदा घरी सापडतो. सगळं ऐकून म्हणाला, “आई, यार, दोन महिने राहिलेत. इन्क्वायरी लागली तर तुझे रिटायरमेंटचे पेपर अडकतील. आणि तुला कुणी विचारलंय का? त्यांना मीठा वाटतंय ना, वाटू दे.”

“तिची नोकरी जाईल रे.”

“तिला दुसरी मिळेल. तीस वर्षांची आहे. तुला या वयात चकरा मारायला लावतील ते. बिल्कुल चुप रह.”

मला त्याचा असा राग आला की त्याच्या पुढची पोह्यांची ताटली उचलून आत न्यावीशी वाटली. मग लक्षात आलं, मी चार दिवस स्वतःशी हेच बोलत होते. तो फक्त मोठ्याने बोलला. मी त्याला आणखी पोहे वाढले.

नंतरचे चार दिवस मी रोज सकाळी ठरवून निघायची की आज सांगायचं. इंदिरापुरमहून शेअर ऑटोत बसले की वाक्य जुळवायची. सेक्टर बासष्टच्या चौकात ऑटो जाममध्ये अडकली की वाक्य विस्कटायचं. वर पोचेपर्यंत मी इतकी दमलेली असायची की वाटायचं, उद्या. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते या वयात मला नीट कळलं. त्याने पोट भरत नाही आणि दुसरं काही खाल्लंही जात नाही.

सव्वीसला समितीने मला साक्षीला बोलावलं. सक्सेना साहेब, त्यागी आणि दुसऱ्या विभागातले एक टकले गृहस्थ, असे तिघे. टेबलावर पुरावा म्हणून माझा कॅन. काचेच्या दाराबाहेर बाकावर मृणाल बसली होती, मांडीवर बॅग. तिने टेबलाचा खण आवरून सगळं सामान त्या बॅगेत भरलंय हे मी सकाळीच पाहिलं होतं.

त्यागींनी कॅन फिरवून वाचला. “मीठा. आ की मात्रा छूट गई है, पर समझ में आता है.”

“किसने लिखा?” साहेबांनी विचारलं.

“मैंने,” मी म्हटलं.

“तो आपने मीठे पानी का कैन ठीक ही मार्क किया था. फिर भी मृणाल ने वही उठाया.” ते लिहायला लागले. माझ्यासाठी रस्ता झाडून ठेवला होता. मला फक्त ‘जी’ म्हणायचं होतं. एक अक्षर, ‘मीठ’पेक्षाही छोटं.

मी म्हटलं, “सर, यह मीठा नहीं है. मीठ है. मराठी में मीठ मतलब नमक.”

त्यागी हसले. “हिंदी पखवाड़े में मराठी, मैडम?”

टकल्या गृहस्थांनी फोन काढला, शब्द टाकला आणि बटण दाबलं. फोनमधली बाई म्हणाली, “सॉल्ट.” त्यागींचं हसू थांबलं. मी म्हटलं, अजून आहे. मृणालने ओतण्याआधी मला विचारलं होतं, तपासलंय का. मी न बघता हो म्हणाले. मीटर समोर होता. धीरजने जे वाचलं ते भरलं, मृणालने जे वाचलं ते ओतलं, दोघांनी आपापल्या भाषेत बरोबरच वाचलं. लिहिणारी मी आणि हो म्हणणारीही मी.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मैडम, आप उसे बचाने के लिए कह रही हैं. आपके इलाक़े की है.”

“सर, मेरे गाँव से उसके गाँव पूरी रात की गाड़ी है,” मी म्हटलं. “इलाक़े का क्या सवाल है इसमें?”

ते आवाज उतरवून म्हणाले, “दो महीने बचे हैं आपके. मैं अभी कुछ नहीं लिखता. सोच लीजिए.” ते चांगुलपणानेच बोलत होते, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. नऊ दिवस सगळे माझ्याशी चांगुलपणानेच वागत होते.

“लिखिए, सर. आप नहीं लिखेंगे तो मैं लिख देती हूँ.”

मीच लिहिलं. अर्धं पान, हिंदीत, काना-मात्रा दोनदा तपासून. मग सही केली, पूर्ण नावाची. त्यागींनी कागद घेतला आणि म्हणाले की आता चौकशी माझ्यावर निघेल, रिटायरमेंटची फाइल तोवर थांबेल. मी म्हटलं, थांबू द्या. साहेबांनी मृणालची फाइल ओढली आणि सही केली, वर्षाची नाही, मार्चपर्यंतचीच. कोअर गेला तो गेलाच. त्याचं काही कुणाच्या सहीने होणार नव्हतं.

मी बाहेर आले आणि बाकावर मृणालच्या शेजारी बसले.

“सांगितलं मी आत,” मी म्हटलं. “सगळं. तुझी सही झाली.”

“हो. काचेतून दिसत होतं,” ती म्हणाली.

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी म्हटलं, “नऊ दिवस तू माझ्यासाठी गप्प राहिलीस गं. असं कुणी कुणासाठी करत नाही.”

ती माझ्याकडे न बघता, अजिबात न चिडता म्हणाली, “तुमच्यासाठी नाही, मॅडम. मी सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला बोलावून विचारलं असतं. आणि तुम्ही ‘मी असं काही म्हणालेच नाही’ म्हणाला असतात, तर? ते मला ऐकायचं नव्हतं. नोकरी गेली असती तरी चाललं असतं.”

मी तसं कधीच म्हणाले नसते, असं मला तिला सांगायचं होतं. पण ते खरं आहे की नाही, हे मलाच माहीत नव्हतं. ती उठली, बॅग खांद्याला लावली आणि खण परत भरायला आत गेली.